प्रोफेशनल वाइड-अँगल झूम लेन्स घेण्याआधी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वाइड झूमबद्दल मला येणारे प्रश्न बहुतेक एकाच वळणाचे असतात, "अमुक लेन्स शार्प आहे का हो?" आता लाखाच्या घरात पैसे घालायचेत म्हटल्यावर हे विचारावंसं वाटणारच. पण मधोमध शार्प तर कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी किट लेन्ससुद्धा असते. वाइडचा कस लागतो तो कोपऱ्यांत, मग उजेड समोरून आल्यावर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे तुमच्या हातात जो एक नग आलाय त्यात. रिव्ह्यूमधली लेन्स आणि तुमची लेन्स एकाच नावाची असली तरी एकच नसते. म्हणून खाली मॉडेलपेक्षा तपासणीवर जास्त लिहिलंय. उदाहरणं मुद्दाम कॅननच्या १६-३५ घराण्यातली (म्हणजे १६ ते ३५ मिमी फोकल लेंग्थची, हा आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद) जास्त घेतलीत, कारण आपल्याकडे लग्नाचं काम करणाऱ्यांकडे आणि सेकंडहँड बाजारात तीच जास्त फिरते.

प्रोफेशनल वाइड झूम म्हणजे नक्की कुठल्या लेन्स?

फुलफ्रेम बॉडीवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) साधारण १४ ते १६ मिमीला सुरू होऊन २४ किंवा ३५ ला संपणाऱ्या, पूर्ण झूममध्ये अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) तेच राहणाऱ्या आणि धूळ-पाण्यापासून सील केलेल्या. कॅननने १९८९ मध्ये २०-३५ एफ/२.८ काढली, १९९६ ला १७-३५, २००१ ला पहिली १६-३५, २००७ ला तिची दुसरी आवृत्ती आणि २०१६ ला तिसरी. मध्ये २०१४ ला १६-३५ एफ/४ आयएस (म्हणजे हाताचा हलका कंप सावरणारा स्टॅबिलायझर असलेली) आली, तिच्याबद्दल पुढे बोलू. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, कॅननच्या आरएफ माउंटची) २०१९ ची आरएफ १५-३५ एफ/२.८ आणि २०२१ ची १४-३५ एफ/४. निकॉनची २००७ ची १४-२४ एफ/२.८ तर इतकी गाजली की कॅननवाले अडॅप्टर लावून ती वापरायचे, आणि २०२० मध्ये निकॉनच्या मिररलेसच्या झेड माउंटसाठी ती नव्याने आली. सोनीची १६-३५ जीएम (त्यांची वरच्या दर्जाची मालिका) २०१७ ची, तिची दुसरी आवृत्ती २०२३ ची.

वजन बघा म्हणजे प्रवास कळेल. २००१ ची १६-३५ सहाशे ग्रॅमची होती, तिसरी आवृत्ती ७९० ग्रॅम झाली, आरएफ १५-३५ थेट ८४०. आणि सोनीने दुसऱ्या जीएममध्ये ५४७ ग्रॅमपर्यंत खाली आणली. गड चढणाऱ्याला हा तीनशे ग्रॅमचा फरक पहिल्या तासाभरातच कळतो.

१४ आणि १६ मध्ये दोनच मिलिमीटरचा फरक आहे ना, मग एवढं काय?

टेलीमध्ये (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्समध्ये) दोन मिमी म्हणजे काहीच नाही, वाइडला ते बरंच असतं. कर्णातला कोन १४ ला ११४ अंश, १६ ला १०८, २४ ला ८४ आणि ३५ ला ६३. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाला उभं राहून अख्खा अर्धगोल एका फ्रेममध्ये घ्यायचा असेल तर १६ ला एक टोक कापावं लागतं आणि १४ ला ते आत येतं, असा हा फरक आहे. वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणातही तेच, मागे सरकायला जागाच नसते.

पण उलटा हिशोबही करा. १४-२४ घेतली की २४ ला लेन्स संपते, आणि हळदीच्या किंवा वारीच्या गर्दीत २८ आणि ३५ शिवाय काम चालत नाही, दर दोन मिनिटांनी लेन्स बदलावी लागते, ती पण धुळीत. तुमच्याकडे जी वाइड लेन्स आत्ता आहे तिचे गेल्या वर्षाचे फोटो लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थप्रमाणे लावून बघा. बहुतेक सगळे फोटो २४ ते ३५ मध्ये निघाले तर तुम्हाला १४ ची गरज नाही, चांगली २४-७० आधी घ्या.

शार्पनेस घरच्या घरी कसा तपासायचा?

सकाळी लवकर गच्चीवर जा, दुपारी नको कारण तापलेल्या हवेच्या लहरींनी लांबचं सगळंच मऊ दिसतं आणि दोष लेन्सवर येतो. साधारण शंभर मीटरवर अशी एखादी इमारत शोधा जिच्यावर बारीक तपशील आहेत, खिडक्यांचे ग्रिल, गच्चीवरचे अँटेना, टाकीवरची अक्षरं. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ १०० आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) पूर्ण मोठा करून मधोमध फोकस करा आणि लगेच मॅन्युअलवर टाका. मग रिंगला हात लावायचा नाही.

आता खरी गंमत. तीच इमारत आधी वरच्या डाव्या कोपऱ्यात आणा, फोटो. मग वरच्या उजव्या, मग खालच्या दोन्ही. म्हणजे चारही कोपऱ्यांत एकच तपशील, एकाच अंतरावरचा, एकाच फोकसवर. हे १६, २४ आणि ३५ ला करा, प्रत्येक ठिकाणी एफ/२.८, ४, ५.६ आणि ८ वर. घरी येऊन चारही कोपरे १०० टक्क्यांवर शेजारी शेजारी लावा.

चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील आणि एफ/५.६ ला सुधारत असतील तर लेन्स तब्येतीत आहे, तो त्या डिझाइनचा स्वभाव आहे. तीन कोपऱ्यांत ग्रिलची एकेक सळई मोजता येते आणि चौथ्यात सगळा लगदा, एफ/८ लाही सुधारत नाही, तर आतलं एखादं भिंग तिरकं किंवा सरकलेलं आहे. यालाच डिसेंटरिंग म्हणतात. वाइड झूममध्ये हा आजार जास्त, कारण पंधरा-सोळा भिंगं असतात, त्यातले गट झूमबरोबर पुढे मागे होतात, आणि तो तिरकेपणा इतक्या मोठ्या कोनात लगेच दिसतो. बरेचदा १६ ला डावी बाजू खराब आणि ३५ ला उजवी असंही निघतं, म्हणून एकाच फोकल लेंग्थवर तपासून थांबू नका.

हा चार कोपऱ्यांचा संच दुकानात दाखवायलाही उपयोगी पडतो. माझ्या एका लेन्सच्या वेळी दुकानदार आधी "वाइडला असंच असतं" म्हणाला, चार कोपरे एकत्र लावलेला फोटो समोर ठेवल्यावर मात्र त्याने नग बदलून दिला. बोलून पटत नाही ते तिथे दिसतं.

विटांच्या भिंतीचा फोटो काढून नाही का कळणार?

कळेल, पण अर्धवट, आणि बरेचदा चुकीचं. भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर लावणं हाताने जमत नाही, एक अंश जरी वाकडा झाला तरी एक बाजू जवळ आणि दुसरी लांब जाते. एफ/२.८ वर तेवढ्याने एक कोपरा मऊ दिसतो आणि चांगली लेन्स बिचारी परत जाते. शिवाय लँडस्केपवाला दोन मीटरवरच्या भिंतीचे फोटो काढणार आहे थोडाच? लांबच्या वस्तूवर तपासलं की समांतर असण्याचा प्रश्नच मिटतो.

कोपरे मऊ आहेत पण चारही सारखे आहेत, मग लेन्स वाईटच ना?

लगेच म्हणू नका. आधी फील्ड कर्व्हेचर बघा, म्हणजे लेन्सचा फोकस सपाट नसतो, वाकलेला असतो. मधोमध लांबच्या डोंगरावर फोकस असताना कोपऱ्यातला फोकस जवळच्या दगडावर पडलेला असू शकतो. तपासायला सोपं आहे, लाइव्ह व्ह्यूचा चौकोन कोपऱ्यात नेऊन तिथे हाताने फोकस करा. कोपरा लख्ख झाला आणि मध्य मऊ झाला तर कर्व्हेचर आहे, कोपरा तरीही उठला नाही तर तो खरंच कमजोर आहे. कर्व्हेचर असलेल्या लेन्सने उत्तम काम करता येतं, कुठे फोकस करायचा ते एकदा समजून घेतलं की झालं.

कंपनीचे एमटीएफ ग्राफ बघून ठरवावं का?

लेन्स मध्यापासून काठापर्यंत बारीक तपशील किती नीट दाखवते ते हे ग्राफ सांगतात. दोन लेन्सची ढोबळ तुलना करायला ठीक आहेत, एकाच कंपनीच्या असतील तरच. बरेचसे ग्राफ डिझाइनवरून गणिताने काढलेले असतात, कारखान्यातून निघालेल्या नगावर मोजलेले नसतात. फ्लेअर (समोरच्या उजेडाने येणारे डाग आणि धुरकटपणा) त्यात दिसत नाही, कोमा (कोपऱ्यातले उजेडाचे ठिपके ताणले जाणं) दिसत नाही, आणि तुमच्या नगाचा तिरकेपणा तर नाहीच नाही.

एफ/२.८ घेऊ की एफ/४? फरक फक्त एका स्टॉपचा आहे ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं मत ठाम आहे. डोंगर, किल्ले, समुद्र, मंदिरं, इमारती हे तुमचं काम असेल तर एफ/४ घ्या, वाचलेल्या पैशात चांगला ट्रायपॉड येतो. लग्न, बातम्यांचं काम किंवा रात्रीचं आकाश असेल तर एफ/२.८.

कारण असं की लँडस्केप तुम्ही एफ/८ ते एफ/११ वर काढणार, तिथे एफ/२.८ पडूनच राहतं आणि त्याचं वजन मात्र दर पावलाला खांद्यावर असतं. कॅननची १६-३५ एफ/४ आयएस हे याचं अगदी बोलकं उदाहरण आहे. ६१५ ग्रॅम, ७७ मिमी फिल्टर, आणि कोपऱ्यांत ती तेव्हाच्या १६-३५ एफ/२.८ च्या दुसऱ्या आवृत्तीपेक्षा सरळ सरळ चांगली. म्हणजे स्वस्त लेन्स महागड्या लेन्सला तिच्याच कामात मागे टाकत होती. २०१६ ला तिसरी आवृत्ती आल्यावर कोपऱ्यांचा हिशोब बराबर झाला, पण किमतीचा नाही झाला. आजही सेकंडहँडमध्ये दुसरी आवृत्ती एफ/२.८ आणि ही एफ/४ जवळपास एकाच भावात दिसल्या आणि काम लँडस्केपचं असेल, तर डोळे झाकून एफ/४.

स्टॅबिलायझरचंही सांगतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी, ट्रायपॉड परवानगीशिवाय नेता येत नाही, उजेड मुद्दाम कमी ठेवलेला. अशा ठिकाणी एफ/४ च्या लेन्सला आयएस असेल तर १६ मिमीला पाव सेकंदही हातात धरून निघतो आणि चित्र हलत नाही, कारण भिंत हलत नाही. तेच मांडवात नाचणाऱ्या करवल्यांवर केलंत तर कॅमेरा स्थिर आणि माणसं सगळी पुसलेली. हलणाऱ्या माणसासाठी आयएस काही करत नाही, तिथे एफ/२.८ म्हणजे दुप्पट उजेड. एफ/४ वर आयएसओ ६४०० लागत असेल तिथे ३२०० मध्ये काम होतं.

रात्रीच्या आकाशासाठी काय बघायचं?

कोमा. चाचणी म्हणजे एफ/२.८ वर, १६ ला, स्वच्छ आकाशाचा एक फोटो आणि कोपऱ्यातले ठळक तारे १०० टक्क्यांवर. कोमा असेल तर तारे ठिपके राहत नाहीत, त्यांना दोन्ही बाजूंनी पंख फुटतात. छिद्र एफ/४ पर्यंत लहान केल्यावर हे कमी होतं, पण मग एफ/२.८ चे पैसे कशाला दिले? त्यामुळे आकाशासाठी लेन्स घेणाऱ्याने एफ/२.८ वरचाच कोमा बघावा.

दुसरं, शटर किती सेकंद. जुना नियम म्हणजे ५०० भागिले फोकल लेंग्थ, म्हणजे १६ ला ३१ सेकंद. हा नियम फिल्मच्या आणि कमी मेगापिक्सेलच्या काळातला आहे, ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीवर ३१ सेकंदांत तारे रेषा होतात. आता लोक एनपीएफ नावाचा हिशोब वापरतात. सोपं रूप असं की अ‍ॅपर्चरचा आकडा गुणिले ३५, त्यात पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये गुणिले ३० मिळवा, आणि भागिले फोकल लेंग्थ. एफ/२.८, ४.४ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १६ मिमीला उत्तर येतं साधारण १४ सेकंद. म्हणजे शटर निम्म्याहून कमी झालं, उजेड कमी झाला, आणि एफ/२.८ ची किंमत इथे वसूल होते.

भंडारदरा, पुरुषवाडीकडे मे अखेर ते जून मधल्या काजव्यांसाठी जाणाऱ्यांनीही हाच विचार करावा. आणि कृपा करून तिथे टॉर्च मारू नका, काजव्यांना त्रास होतो आणि शेजारच्याचा फोटोही जातो.

ग्रुप फोटोत कडेची माणसं जाड दिसतात, हा लेन्सचा दोष आहे का?

नाही, आणि हे समजून घेणं फार गरजेचं आहे कारण यावरून लोक चांगल्या चांगल्या लेन्स विकून टाकतात. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या कुठल्याही लेन्समध्ये हे होणारच, दहा लाखांची असली तरी. गोल वस्तू फ्रेमच्या काठाकडे गेली की बाहेरच्या बाजूला ताणली जाते. किती, तर आडव्या फ्रेमच्या अगदी डाव्या किंवा उजव्या काठावरचं डोकं १६ मिमीला उंचीच्या मानाने दीडपट रुंद होतं, २४ ला सव्वापट, आणि ३५ ला जेमतेम १२ टक्के. म्हणून स्टेजवर वऱ्हाड उभं असताना १६ वर जाऊ नका. काठावर हमखास कोणाची तरी मावशी असते आणि तिचाच चेहरा ताणला जातो, मग अल्बम घरी गेल्यावर ऐकून घ्यावं लागतं. चार पावलं मागे जा आणि ३५ वर या. जागाच नसेल तर काठाला माणसांऐवजी पडदे, फुलं, खांब येऊ द्या.

तुमच्या लेन्सचं डिस्टॉर्शन, म्हणजे सरळ रेषा वाकणं, बघायचं असेल तर ते वेगळं, दरवाजाची चौकट किंवा समुद्राची क्षितिजरेषा फ्रेमच्या काठाला समांतर ठेवून बघा. बहुतेक वाइड झूम १६ ला बाहेर फुगतात आणि ३५ कडे थोड्या आत दबतात. सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर जातं.

मिररलेस लेन्स सॉफ्टवेअरच्या जिवावर चालतात म्हणे, मग पैसे कशाचे?

काहींच्या बाबतीत खरं आहे. आरएफ १४-३५ एफ/४ ची रॉ फाइल दुरुस्ती बंद करून १४ ला उघडलीत तर डिस्टॉर्शन भरपूर दिसतं आणि टोकाचे कोपरे चक्क काळे. दुरुस्ती चालू केली की फ्रेम ताणली जाते आणि सगळं जागेवर येतं. डिझाइनवाल्यांनी हे ठरवून केलंय, डिस्टॉर्शन सॉफ्टवेअरवर सोडलं की लेन्स लहान आणि हलकी करता येते, ५४० ग्रॅममध्ये १४ ते ३५ मिळतं ते यामुळेच. मला यात काही वावगं वाटत नाही, फक्त तपासताना दुरुस्ती चालू ठेवून कोपरे बघा, कारण ताणल्यावर जो शार्पनेस उरतो तोच तुमच्या प्रिंटमध्ये येणार आहे.

विग्नेटिंगचंही (कोपरे अंधारण्याचंही) तसंच. कॅननची तिसरी १६-३५ इतकी शार्प, पण १६ ला एफ/२.८ वर कोपरे चांगलेच अंधारतात. दिवसा काही बिघडत नाही. रात्रीच्या आकाशात मात्र कोपरे उजळवताना तिथला नॉइजही वर येतो, आकाशवाल्यांनी हे धरून चालावं.

फ्लेअर कसा तपासायचा? आणि सूर्याची चांदणी?

वाइडला सूर्य फ्रेममध्ये येतोच, टाळता येत नाही, त्यामुळे ही चाचणी शार्पनेसइतकीच महत्त्वाची. सूर्य आधी फ्रेमच्या मध्यात, मग एक तृतीयांशावर, मग कोपऱ्यात, आणि मग फ्रेमच्या किंचित बाहेर ठेवून एकेक फोटो. बाहेरचा फोटो लोक विसरतात आणि तिथेच खरी लेन्स कळते, काही लेन्स सूर्य आत असताना छान वागतात आणि बाहेर गेला की अख्ख्या फ्रेमवर धुरकट पडदा पसरतो. व्ह्यूफाइंडरमधून थेट सूर्याकडे बघू नका, विशेषतः डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर), लाइव्ह व्ह्यू वापरा. चाचणीआधी पुढचं भिंग पुसा आणि फिल्टर काढा, स्वस्त यूव्ही फिल्टरमुळे आलेला फ्लेअर लेन्सच्या नावावर खपतो.

चांदणीच्या टोकांचा हिशोब अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर. पाती सम असतील तर तेवढीच टोकं, विषम असतील तर दुप्पट. कॅननच्या दुसऱ्या १६-३५ ला सात पाती, म्हणून १४ टोकांची चांदणी, तिसरीला नऊ म्हणून १८, सोनीच्या जीएमला अकरा म्हणून २२. दुसरी आवृत्ती कोपऱ्यांत कितीही मागे पडली तरी तिची १४ टोकांची चांदणी मला आजही सगळ्यात देखणी वाटते.

एफ/२२ वर सगळंच शार्प येतं ना?

उलट. अ‍ॅपर्चर फार बारीक केलं की डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) अख्खी फ्रेम मऊ होते, ४५ मेगापिक्सेलवर एफ/११ नंतर दिसायला लागतं आणि एफ/२२ ला तर लाखाची लेन्स किट लेन्ससारखी वाटते. आणि वाइडला गरजही नसते. १६ मिमी आणि एफ/८ ला हायपरफोकल अंतर एक मीटरच्या आसपास येतं, तिथे फोकस केला की अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत चालण्याइतकं शार्प. कास पठारावर फूल अगदी लेन्सच्या तोंडाशी असेल आणि मागचं आभाळही हवं असेल तर दोन वेगळ्या फोकसचे फोटो काढून नंतर जोडा. पायवाट सोडून मात्र आत शिरू नका.

फिल्टरचं काय?

लेन्सची किंमत बघताना फिल्टरची किंमत त्यात धरा. १६-३५ ला साधे स्क्रूचे फिल्टर लागतात, ७७ किंवा ८२ मिमी. निकॉनच्या जुन्या १४-२४ चं पुढचं भिंग फुगीर, त्याला स्क्रूचा फिल्टर लागतच नाही, १५० मिमीच्या काचा आणि त्यांचं वेगळं होल्डर घ्यावं लागतं. झेडच्या १४-२४ ला वेगळ्या हूडवर ११२ मिमीचा फिल्टर बसतो, सोय झाली पण तो फिल्टरही स्वस्त नाही. झेड १४-३० एफ/४ मात्र १४ ला असूनही ८२ मिमीचा साधा फिल्टर घेते आणि वजन ४८५ ग्रॅम. कोकणात लाटांवर लांब एक्स्पोजर करणाऱ्या निकॉनवाल्याला मी तीच सुचवीन.

पोलरायझर वाइडला आकाशावर वापरू नका. पोलरायझेशन सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त असतं आणि १६ मिमीला आडवा कोनच ९७ अंशांचा, म्हणजे एकाच फ्रेममध्ये गडद पट्टा आणि फिकं आभाळ दोन्ही येतं. पानांवरची आणि ओल्या दगडांवरची चमक काढायला मात्र पावसाळ्यात त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

सील केलेली लेन्स आहे म्हणजे पावसात चालेल ना?

भुरभुर पावसात चालेल, सह्याद्रीतल्या आडव्या पावसात नाही. कॅननच्या १७-४० सारख्या काही लेन्समध्ये झूम करताना पुढचं भिंग नळीच्या आत पुढे मागे सरकतं, तिथे पुढे फिल्टर लावल्याशिवाय सील पूर्ण होत नाही, हे कंपनीनेच सांगितलंय.

पाण्याच्या थेंबापेक्षा मला भीती बुरशीची वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये ओली बॅग घरी आणून तशीच कपाटात ठेवली की काम झालं. ड्रायकॅबिनेट घ्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दोनेकशे रुपयांचा आर्द्रतेचा मीटर. कापडाच्या बॅगेत लेन्स कायमची ठेवायची नाही, बॅग फक्त प्रवासाला.

सेकंडहँड घेताना समोर बसून काय काय बघायचं?

मोबाइलचा टॉर्च न्या. दोन्ही झाकणं काढा, टॉर्च मागच्या बाजूने थोडा तिरका मारा आणि पुढून आत बघा, झूम हळूहळू फिरवत, कारण काही भिंगं एका टोकालाच नीट दिसतात. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी काठाकडून आत पसरलेली दिसते. तशी दिसली की किंमत कितीही कमी असो, उठायचं. धुळीचे दोन-चार कण सगळ्या जुन्या लेन्समध्ये असतात, फोटोत येत नाहीत. पुढच्या भिंगावर बारीक ओरखडा असला तर फक्त फ्लेअरला त्रास. मागच्या भिंगावर ओरखडा असेल तर नको.

कॅननची ईएफ (डीएसएलआरसाठीची) लेन्स बॉडीवरून काढली की अ‍ॅपर्चर उघडंच असतं, टॉर्चने थेट दिसतं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटच्या लेन्सचं बंद असतं, मागची छोटी दांडी बोटाने सरकवून धरावी लागते. पात्यांवर तेल चकाकतंय का तेही तेव्हाच बघा.

मग फिल्टरचे आटे बघा, एखाद्या ठिकाणी चेपलेले असतील तर लेन्स तोंडावर पडलेली आहे आणि अशा लेन्सची चार कोपऱ्यांची चाचणी केल्याशिवाय एक रुपया देऊ नका. माउंटचे स्क्रू बघा, खाचा झिजलेल्या असतील तर कोणीतरी उघडलीय. झूम आणि फोकसची रिंग फिरवताना मध्येच अडकते का, वाळू कुरकुरते का ते कान देऊन ऐका, समुद्रावर काम केलेल्या लेन्समध्ये हमखास सापडतं. स्वतःची बॉडी आणि लॅपटॉप घेऊन जा. विकणारा "घाई आहे, फोटो नंतर बघा" म्हणत असेल तर तुम्ही घाई करू नका.

बिल मागा, सिरीयल नंबर बिलाशी जुळवा. मुंबईच्या बोरा बाजारात काय किंवा ऑनलाइन काय, नव्या लेन्सचा भाव फारच कमी सांगितला तर भारतातली वॉरंटी आहे का ते सरळ विचारा. डिसेंटरिंग निघालं तर ती वॉरंटीच उपयोगी पडते.

आणि शक्य असेल तर आधी दोन दिवस भाड्याने घ्या. मुंबई-पुण्यात या लेन्स भाड्याने सहज मिळतात. तुमच्या खऱ्या कामावर न्या, त्या वजनासकट दिवसभर फिरा.

माझी बॉडी क्रॉप (फुलफ्रेमपेक्षा लहान) सेन्सरची आहे, तरी १६-३५ घेऊ का?

पुढे फुलफ्रेमवर जायचं नक्की असेल तरच. कॅननच्या क्रॉपवर १६-३५ ही जवळपास २६-५६ होते, वाइडपणा गेला आणि वजन राहिलं. त्यापेक्षा क्रॉपसाठीच बनवलेली घ्या, जुन्या बॉडीला टोकिना ११-१६ एफ/२.८ किंवा कॅनन १०-१८, मिररलेसला सिग्माची १०-१८ एफ/२.८. सिग्माची तर तीनशे ग्रॅमपेक्षाही हलकी आहे.

कॅनन मिररलेस घेतला, जुनी ईएफ १६-३५ विकू का?

चांगला नग असेल तर अजिबात नको. ईएफ ते आरएफ अडॅप्टरमध्ये काच नसते, नुसतं मोकळं कडं आणि संपर्काचे पॉइंट, त्यामुळे शार्पनेस जसाच्या तसा राहतो आणि ऑटोफोकसही नीट चालतो. किंबहुना फोकस आता सेन्सरवरच होतो म्हणून डीएसएलआरवरचं पुढे-मागे फोकस होण्याचं दुखणंही जातं. फरक पडतो तो लांबीत आणि वजनात. अडॅप्टरने २४ मिमी वाढतात, म्हणजे १६-३५ एफ/४ आयएस साधारण १३७ मिमी लांब आणि ७२५ ग्रॅम होते, आणि आरएफ १४-३५ शंभर मिमी आणि ५४० ग्रॅम. रोज ट्रेकला जाणारे असाल तर विचार करा, गाडीतून उतरून फोटो काढणारे असाल तर जुनीच ठेवा आणि बॅगचा कप्पा अडॅप्टरसकट मोजून घ्या.